विश्लेषण : तक्ता रिकामा, तरी डेटाबेस म्हणतो 'जागा संपली', असे का?

'फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न टाका ना, त्यात काय एवढं?' सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकलेले असते. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या सर्वेक्षण प्रकल्पातही असेच प्रश्न वाढत गेले. ६४ रकान्यांपर्यंत तक्ता बिनतक्रार तयार झाला. ६५वा जोडताच मायएसक्यूएलने 'रो साइज टू लार्ज' म्हणत हात वर केले. गंमत म्हणजे तेव्हा तक्त्यात एकही नोंद नव्हती.

रिकामा तक्ता मोठा कसा?

मायएसक्यूएलमध्ये एका ओळीची कमाल मर्यादा ६५,५३५ बाइट आहे. आम्ही प्रत्येक रकाना सवयीने 'व्हारकॅर २५५' ठेवला होता, म्हणजे २५५ अक्षरांपर्यंतचा मजकूर. यूटीएफ८एमबी४ या अक्षरसंचात एका अक्षराला ४ बाइटपर्यंत जागा लागू शकते. डेटाबेस तक्ता बनवतानाच कमाल शक्यता धरतो : २५५ गुणिले ४ म्हणजे १,०२० बाइट, शिवाय लांबी नोंदवायला २. असे ६४ रकाने ६५,४०८ बाइटचे होतात. ६५वा आला की बेरीज ६६,४३०. प्रत्यक्षात कोणी 'हो' एवढेच उत्तर देणार असले तरी हिशेब बदलत नाही.

रकान्यांच्या संख्येलाही वेगळी मर्यादा असते. मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनमध्ये ती १,०१७, एसक्यूएल सर्व्हरच्या साध्या तक्त्यात १,०२४, तर पोस्टग्रेसक्यूएलमध्ये जास्तीत जास्त १,६००. पोस्टग्रेसमध्ये तर काढून टाकलेला रकानाही त्या १,६०० मध्ये मोजला जातो!

मराठी नावांचे काय?

'ज्ञानेश्वर' हे नाव आपल्याला चार अक्षरी वाटते. संगणक मात्र हलन्त, काना, मात्रा सुटे मोजतो, म्हणून ती १० अक्षरे होतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे ३० बाइट. हेच नाव इंग्रजी लिपीत ११ बाइटमध्ये बसते. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते. तिथे २० लांबीच्या रकान्यात इंग्रजी स्पेलिंग सहज जाते, देवनागरी नाव नाकारले जाते. चाचणी इंग्रजी नावांवर केली, तर हा घोळ फॉर्म लोकांच्या हाती गेल्यावरच कळतो.

मग करायचे काय?

आम्ही आधी सोपा मार्ग धरला. २५५चे सगळीकडे १०० केले. तक्ता झाला, पण वाडी, मार्गे, पोस्ट, तालुका असा लांबलचक पत्ता त्यात मावेना. नोंदी भरणाऱ्या मुलांनी मग वाडीचे नाव गाळायला सुरुवात केली, आणि पुन्हा भेटीला गेल्यावर घर सापडेना. चूक आमचीच होती.

लांब मजकुरासाठी 'टेक्स्ट' प्रकार वापरता येतो. ६५,५३५च्या हिशेबात तो फक्त ९ ते १२ बाइट धरला जातो. पण माझ्या मते, प्रश्न वाढत जाणार असतील तर रुंद तक्ताच चुकीचा. आम्ही शेवटी दोन तक्ते केले. एकात माणसाची माहिती, पत्ता 'टेक्स्ट'मध्ये. दुसऱ्यात प्रत्येक उत्तराची वेगळी ओळ : कोणाचे, कोणत्या प्रश्नाचे, काय. अहवाल काढताना हे दोन तक्ते जोडावे लागतात, क्वेरी लांबते. मात्र त्यानंतर सरांनी आणखी नऊ प्रश्न वाढवले, तेव्हा तक्त्याला हातही लावावा लागला नाही.