अंगठा गेला, हक्क जाऊ देऊ नका

गोष्ट मार्च 2018 ची. आमच्या वस्तीतला एक तरुण, वय वर्षे 30, एका लहानशा वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर कामाला होता. सात-आठ माणसांचे वर्कशॉप. पगार महिना 12,000 रुपये, तोही रोख. एके रात्री प्रेस खाली आली आणि उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला. मालकाने दवाखान्याचा खर्च केला, वर 20,000 रुपये देऊ केले आणि स्टॅम्पपेपरवर सही मागितली. मजकूर असा की, यापुढे माझी काही मागणी नाही.

त्याची आई तो कागद घेऊन आमच्या दारात आली. म्हणाली, "भाऊ, तुम्ही हापिसात असता. पोराने सही करावी का?"

आम्ही बी. कॉम. झालेलो, कारकुनी करून अर्धे आयुष्य कागदांत गेलेले. सभेत हक्कांवर बोलणारेही आम्हीच. तरी आम्ही त्या माऊलीला सांगितले, "घ्या पैसे. कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार?" ही चूक आमची. ती कबूल करावी आणि दुसऱ्या घरात ती होऊ नये, म्हणून हा लेख.

पुढे एका कायदेविषयक शिबिरात वकीलबाईंनी सांगितले की, अपघात झाल्यापासून दोन वर्षांच्या आत भरपाईचा अर्ज करावा लागतो. आम्ही बोटांवर महिने मोजले. एकवीस भरले होते. तसेच उठून त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, "पण भाऊ, सही तर झाली!" तीच शंका आम्ही बाईंना विचारली. उत्तर मिळाले, कामगाराने भरपाईचा हक्क सोडला असे लिहून घेतलेला करार कायद्यात टिकत नाही.

आता हिशोब पाहू. आयुष्यभराचे पूर्ण अपंगत्व आले, तर पगाराच्या 60 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. वय 30 असेल तर तो आकडा 207.98. पगार 12,000 असला तरी 2018 साली हिशोबात महिना जास्तीत जास्त 8,000 रुपयेच धरत. आठ हजारांचे 60 टक्के म्हणजे 4,800. गुणाकार 9,98,304. अंगठा गेल्यास कायद्याच्या परिशिष्टात 30 टक्के नुकसान धरले आहे. म्हणजे सुमारे 2,99,491 रुपये. आणि आम्ही 20,000 घ्या म्हणालो होतो!

मृत्यू झाल्यास 60 ऐवजी 50 टक्के धरून हाच हिशोब होतो. देय रक्कम महिन्याभरात दिली नाही, तर मालकाला व्याज भरावे लागते. सबळ कारण नसताना टाळाटाळ केली, तर वर दंडही बसू शकतो. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालकाला सहसा हात झटकता येत नाहीत. मात्र कामगार ई.एस.आय.मध्ये विमाधारक असेल, तर त्याने भरपाई त्याच कार्यालयाकडे मागायची.

वकिलाचे काय? पहिला वकील म्हणाला, मिळेल त्यात तीस टक्के माझे. बंधूंनो, निकालातल्या रकमेत वाटा ठरवणे वकिलांच्या आचारसंहितेलाच मान्य नाही. आम्ही तिथून उठलो आणि जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात गेलो. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे. त्याच्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचाही केंद्राच्या यादीत समावेश झाला. तेव्हा कपाटातला जातीचा दाखला फक्त शाळाप्रवेशासाठी नाही, हे ध्यानात ठेवा. दाखला नसला तरी औद्योगिक कामगार म्हणून हक्क आहेच.

मालक कामगार न्यायालयात म्हणाला, "हा माझा माणूसच नव्हे." पगाराची पावती नाही, हजेरीपत्रक नाही. पण दवाखान्याच्या कागदावर 'प्रेसवर काम करताना' असे लिहिले होते आणि भरती करणारा म्हणून सुपरवायझरची सही होती. सूनबाईने किराण्याच्या वहीत पगार आणि उचल तारखेनिशी लिहून ठेवली होती. एका सहकाऱ्याने नोकरीवर पाणी सोडून साक्ष दिली. त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. 2022 च्या अखेरीस निकाल लागला. दिलेले 20,000 वजा करून बाकी रक्कम, वर 12 टक्के व्याज. अंगठा परत आला नाही. पण तो तरुण आज स्वतःच्या दुकानात बसतो.

तो खटला 1923 च्या कायद्याखाली चालला. आता त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. दोन वर्षांची मुदत आणि भरपाईच्या हिशोबाची पद्धत तिच्यातही तीच आहे. कामावर जाता-येताना झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध दिसत असेल तर, आता तिच्यात धरला आहे.

घरात असा प्रसंग आला तर एवढे करा. दवाखान्यात अपघात कामावर झाला असे लिहून घ्या. मालकाला लेखी कळवा आणि पोच ठेवा. सोबत कोण होते त्यांची नावे टिपा. औषधांच्या पावत्या सांभाळा. वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका. विधी सेवेचा फोन 15100 आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. ते स्वतः बॅरिस्टर होते. त्यांची जयंती आपण वाजतगाजत करतो. त्यांच्या लेकरांनी हक्काचा कागद न वाचता सही करावी, हे शोभत नाही. शिकलेल्यांनी तर मुळीच चुकीचा सल्ला देऊ नये. हे आम्ही आधी स्वतःला सांगतो, मग तुम्हाला.

जय भीम!