मानकांचे दप्तर

संकेतस्थळे घडविण्याच्या उद्योगात ज्यांचा काही काळ गेला आहे, त्यांना हे अनुभवाने ठाऊक असते की, पडद्यावर सुबक दिसणाऱ्या पानाच्या अंतरंगात पुष्कळदा विलक्षण अंदाधुंदी माजलेली असते. आणि ती उजेडात आणण्याचे काम ज्याच्याकडे मी सर्वांआधी सोपवितो, तो डब्ल्यूथ्रीसी या मानक-संस्थेचा व्हॅलिडेटर मोठ्या रुक्ष स्वभावाचा तपासनीस आहे. पान त्याच्या स्वाधीन केले की ओळ व स्तंभ नमूद करून तो दोषांची यादी पुढे ठेवतो. यादी लांबलचक असली तरी गांगरून जाण्याचे कारण नसते. कारण आरंभी कोठे तरी एखादा टॅग बंद करावयाचा राहिला, तर पुढच्या कित्येक तक्रारी त्या एकाच चुकीपोटी उद्भवलेल्या असतात, व म्हणूनच जाणता मनुष्य वरचा पहिला दोष तेवढा दूर करून पान पुन्हा तपासणीस धाडतो.

या तपासनिसाचा अखत्यार मात्र व्याकरणापुरताच असतो. चित्राला पर्यायी मजकूर नसेल तर तो हरकत घेतो. पण त्या जागी 'चित्र' एवढाच निरर्थक शब्द घालून कोणी वेळ मारून नेली, तर मुकाट्याने पुढे जातो. मथळ्याला मथळ्याचा टॅग न देता अक्षरे नुसती ठळक करणाऱ्यालाही तो अडवीत नाही. अर्थाची जबाबदारी लिहिणाऱ्यावरच राहते, आणि हे काम खरोखर तेथूनच सुरू होते.

टिम बर्नर्स-ली यांनी 1994 मध्ये डब्ल्यूथ्रीसी ही संस्था स्थापिली आणि 1996 च्या डिसेंबरात सीएसएस या शैलीपत्रकांच्या भाषेची पहिली संहिता शिफारस म्हणून मान्य झाली खरी. परंतु शिफारशीची अंमलबजावणी ब्राउझर करणाऱ्यांच्या मर्जीवर होती, आणि नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांच्या चढाओढीत एकच पान दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसे. त्या मनमानीचा अवशेष अजून शिल्लक आहे: पानाच्या माथ्यावरची डॉक्टाइपची एक ओळ गाळली की आजचा ब्राउझरही जुन्या पानांसाठी जतन केलेल्या त्या जुनाट रीतीने वागू लागतो.

रूप आणि आशय यांची फारकत म्हणजे काय, हे ज्याला व्याख्यानाशिवाय समजून घ्यावयाचे असेल, त्याने डेव्ह शे यांचे 2003 मधले 'सीएसएस झेन गार्डन' पाहावे. तेथे एचटीएमएल एकच, अक्षरशः तेच. केवळ शैलीपत्रक बदलते आणि पान ओळखूही येणार नाही इतके पालटते. नित्याच्या कामात मी मोझिलाच्या एमडीएन या संदर्भस्थळाचा आधार घेतो, कारण प्रत्येक गुणधर्माखाली तो कोणत्या ब्राउझरात चालतो याचा तक्ता असतो. वाद पडला तर मात्र मूळ संहितेचेच कलम काढून वाचावे. ती भाषा कंटाळवाणी आहे, यात शंका नाही; पण झटपट उतारे देणाऱ्या शिकवण्यांनी जी खात्री मिळत नाही, ती तेथे मिळते.

मराठी पानाच्या बाबतीत तर एक लहानशी नोंद फार मोलाची ठरते. एचटीएमएलच्या मूळ टॅगात भाषा 'एमआर' अशी नमूद केली, आणि फॉन्टात तशी तजवीज असली, तर 'ल' व 'श' ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतात. एनव्हीडीएसारखे पडदा वाचून दाखविणारे साधनही याच नोंदीवरून मराठी उच्चाराकडे वळू शकते. ही नोंद न करता दृष्टिहीन वाचकांच्या सोयीची भाषा करणाऱ्यांचे मला आश्चर्य वाटते. भारतीय लिप्यांच्या मांडणीविषयी डब्ल्यूथ्रीसीने स्वतंत्र दस्तऐवज केला आहे, तोही अवश्य चाळावा. जोडाक्षर हे एकच एकक मानून परिच्छेदाचे आद्याक्षर कसे मोठे करावे, अशा प्रश्नांचा त्यात विचार आहे. रोमन मथळ्यांना शोभणारे अक्षरांतर देवनागरीला लावले की शिरोरेखा जागोजागी तुटते. यास्तव परक्या नमुन्यावरून उतरविलेले शैलीपत्रक हाती आले की, तो नियम मी प्रथम काढून टाकतो आणि मगच रंगांकडे वळतो.