आकाशातील अतिथी

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते, तो अतिथी. असा एक अतिथी २०१७ साली आपल्या सूर्यमालेत येऊन गेला.

हवाई बेटांतील हालेआकाला पर्वताच्या माथ्यावर एक मोठी दुर्बीण आहे. १९ ऑक्टोबर २०१७ रोजी तिने टिपलेल्या चित्रांत रॉबर्ट वेरिक या शास्त्रज्ञास एक फिकट ठिपका सरकताना आढळला. त्याच्या मार्गाचे गणित मांडले, तेव्हा सारे चकित झाले. सूर्याच्या आकर्षणाने बांधला जाऊ नये, इतका त्याचा वेग होता. म्हणजे तो सूर्यमालेतील नव्हे, दुसऱ्या कोणत्या तरी ताऱ्याकडून आलेला होता! असा पाहुणा मानवाने प्रथमच पाहिला. त्याचे नाव 'ओउमुआमुआ' ठेवण्यात आले. हवाई भाषेत त्याचा अर्थ 'दुरून प्रथम आलेला दूत' असा होतो.

या दूताचे वर्तन विलक्षण होते. त्याचे तेज काही तासांत सुमारे दहा पटींनी कमीजास्त होई. त्यावरून तो फार लांबट किंवा फार चपटा असून गरगर फिरत असावा, असे अनुमान निघाले. शिवाय सूर्यापासून दूर जाताना कोणी त्याला हलकेच ढकलीत असावे, असे गणितावरून दिसले. धूमकेतूंना त्यांच्यातून निघणाऱ्या वायूंचा असा रेटा बसतो. परंतु येथे शेपूट नव्हते की धुळीचा पिसाराही नव्हता.

मग हा रेटा कसला? हार्वर्ड विद्यापीठातील आवी लोएब व त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली एक तर्क मांडला : हे कदाचित परक्या बुद्धिमान जीवांनी घडविलेले, सूर्यप्रकाशाच्या दाबाने चालणारे पातळ शीड असेल!

तर्क करण्यास हरकत नाही. पण तो कसोटीस उतरला पाहिजे. २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बिणीने त्याच्या दिशेने कान लावले होते. कोणताही संदेश ऐकू आला नाही. पुढे २०२३ साली दोन शास्त्रज्ञांनी साधा खुलासा सुचविला. दीर्घ प्रवासात किरणांच्या माऱ्याने त्याच्या बर्फात हायड्रोजन वायू तयार होऊन अडकला असावा. सूर्याच्या उबेने तो सुटला, तर रेटा बसेल. पण वायू मात्र दिसणार नाही. २०१९ साली बोरिसोव्ह व २०२५ साली ॲटलास हे आणखी दोन अतिथी आले; तेही धूमकेतूच ठरले.

यामुळे बहुतेक शास्त्रज्ञ ओउमुआमुआस निसर्गनिर्मित मानतात. मात्र जवळून त्याचे चित्र कोणीच घेतले नाही, आणि जानेवारी २०१८ नंतर तो दिसेनासा झाला.

तरीही हा प्रश्न पोरकट नव्हे. १९७७ साली मानवाने सोडलेले व्हॉयेजर यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. कदाचित लक्षावधी वर्षांनी दुसऱ्या एखाद्या ताऱ्याजवळून ते जाईल. तेथे कोणी आकाश पाहत असेल, तर तोही हेच विचारील : हा दगड आहे, की कोणी घडविलेली वस्तू?