टाकीचा विमा आणि टाकी बांधणारा

हिंडलग्यावरून वेंगुर्ल्याचा रस्ता धरला आणि आंबोलीचा घाट उतरला, की तीन-चार तासांत मालवणचा समुद्र दिसू लागतो. सीमाभागातील माणूस या समुद्रावर वर्षानुवर्षे जात आला आहे. परंतु तो जातो पाहुणा म्हणून. भरती-ओहोटीचे गणित, पाण्याखालची ओढ, खडकांच्या जागा यांची त्याला माहिती नसते. या अज्ञानाची किंमत बेळगावने एकदा मोजली आहे. 15 एप्रिल 2017 रोजी येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण मालवणनजीक वायरीच्या किनाऱ्यावर बुडाले. ते शहर अजून विसरलेले नाही.

तेव्हापासून सहलीचे स्वरूपही पालटले. आता केवळ पाण्यात पाय बुडवून कोणाचे समाधान होत नाही. पाठीला टाकी बांधून समुद्राचा तळ पाहायचा असतो. (तिला लोक ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणतात. वस्तुतः तीत आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते.) या हौसेत गैर काहीच नाही. ज्याने जन्मात विहिरीपलीकडे पाणी पाहिले नाही, त्याने प्रवाळ पाहावे आणि हरखून जावे, याचा आम्हांला आनंदच आहे. प्रश्न आहे तो तळापर्यंतच्या आणि तळापासून परतीच्या प्रवासाचा. 24 मे 2022 रोजी तारकर्ली येथे स्कूबा आटोपून परतणारी वीस पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचे प्राण गेले. पाण्याखाली जाऊन सुखरूप वर आलेली माणसे किनारा हाकेच्या अंतरावर असताना संकटात सापडली. पाण्याखाली उतरणाऱ्याच्या मनात धास्ती असते, म्हणून तो सावध असतो. बोटीत बसल्यावर मात्र ‘आता काय, पोहोचलोच’ अशी भावना होते, आणि अंगावरचे जॅकेट सर्वांत आधी उतरते.

अशा अपघातानंतर विम्याची चर्चा होते, पण ती बहुधा साहित्यापुरती. श्वसनाचे रेग्युलेटर, जॅकेट, मास्क, टाक्या, हवा भरण्याचा कंप्रेसर, बोटीचे इंजिन: हे सारे महाग असते, बहुतेकदा कर्जाऊ घेतलेले असते आणि एका लाटेसरशी समुद्रार्पण होऊ शकते. कालपर्यंत जाळे टाकणाऱ्या तरुणाने हे भांडवल उभे केले असेल, तर त्याचा विमा त्याने अवश्य उतरावा. मात्र पॉलिसी नीट वाचावी. प्रवासातील सामानाचा विमा देणाऱ्या अनेक पॉलिसींत खेळाचे साहित्य वापरात असताना झालेली हानी वगळलेली असते. शिवाय तळाला गेलेल्या वस्तूचा पुरावा काय, असे कंपनी विचारणारच. म्हणून खरेदीच्या पावत्या आणि प्रत्येक वस्तूवरील क्रमांकाची नोंद घरी जपलेली बरी. बोटीच्या विम्याचेही तसेच. 1963 च्या सागरी विमा कायद्यानुसार मुदतीच्या पॉलिसीखालील बोट समुद्रात जाण्यास अयोग्य आहे हे ठाऊक असूनही मालकाने ती लोटली, तर त्या अयोग्यतेमुळे झालेल्या हानीची जबाबदारी कंपनीवर राहत नाही. क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे.

परंतु साहित्याच्या किमतीशी माणसाच्या जिवाचा हिशेब जोडला, की काय होते याचे विदारक उदाहरण अमेरिकेत आहे. 2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ नांगरलेली ‘कन्सेप्शन’ ही पाणबुड्या पर्यटकांची बोट पेटली आणि खालच्या कक्षात झोपलेली 34 माणसे दगावली. रात्री गस्तीला कोणीही नव्हते. त्यानंतर थोड्याच दिवसांत मालकांनी 1851 च्या एका जुनाट कायद्याचा आधार घेऊन न्यायालयाकडे मागणी केली, की आमचे दायित्व बोटीच्या उरलेल्या किमतीइतकेच धरावे. आणि उरलेली किंमत? शून्य. लहान प्रवासी बोटींपुरता तो कायदा बदलायला 2022 साल उजाडावे लागले.

आपल्याकडील स्थितीत आम्हांला सर्वाधिक खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. विमा नियामकाने आरोग्य विम्यासाठी ठरवून दिलेल्या प्रमाण अपवादांत नववा अपवाद साहसी खेळांचा आहे. व्यवसाय म्हणून अशा खेळांत भाग घेणाऱ्याच्या उपचारांचा खर्च त्यामुळे नाकारता येतो, आणि त्या यादीत गिर्यारोहणाबरोबर स्कूबाचेही नाव आहे. हौशी पर्यटक या अपवादातून सुटतो. अडकतो तो त्याचा हात धरून दिवसातून अनेकदा खाली उतरणारा मालवणचा पोरगा. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो; घाबरलेल्या नवख्याने श्वास रोखून झटकन वर झेप घेतली, तर फुप्फुस फाटू शकते. त्याला धरून ठेवणे, सावकाश वर आणणे हे या पोराचे काम. त्याच्या पाठीवरच्या टाकीचा विमा उतरू शकतो. तो स्वतः इस्पितळात पडला, तर मात्र त्याच्या आरोग्य विम्यातील या कलमावर कंपनीला बोट ठेवायला जागा आहे.

वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण देणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे, हे खरे. ती प्रत्येकाने घ्यावी. परंतु ती मृत्यू आणि अपंगत्वापुरती आहे. उपचारांचे बिल तीतून भागत नाही.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, बोटींच्या परवान्यांसाठी सागरी मंडळ आहे. तेव्हा आमची मागणी साधी आहे. ज्या धक्क्यावरून पर्यटक बोटीत चढतात, तेथेच मराठी आणि कन्नड अक्षरांत फलक लावावा: बोटीचे नाव, माणसांची क्षमता, परवान्याची आणि विम्याची मुदत. सोबत उतरणाऱ्या प्रशिक्षकांचा उपचारांसह सामूहिक विमा हा परवान्याचाच भाग करावा, आणि त्याचा हप्ता तिकिटात धरावा. तिकीट थोडे वाढेल म्हणून मालवणला जाणारी एकही गाडी हिंडलग्यावरून मागे फिरणार नाही. पावसाळ्यात या जलक्रीडा बंद असतात. तेवढ्या अवधीत हे काम होण्यासारखे आहे. पुढच्या हंगामाची पहिली बोट सुटण्यापूर्वी तो फलक लागलेला असावा.