दुतोंडी शस्त्र कीं जोडशस्त्रें ?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन गृहस्थांनीं रचिला, व तो १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत प्रत्येक खेळाडू एका कल्पित वीराची भूमिका घेतो, आणि वार लागला कीं चुकला हें वीस बाजूंचा फासा ठरवितो. दोन्ही हातांनीं लढूं पाहणाऱ्या वीरानें दोन निराळीं शस्त्रें घ्यावींत, कीं दोन्ही टोंकांनीं मारणारें एकच घ्यावें ? २००३ सालच्या नियमांस अनुसरून आम्ही या प्रश्नाचा येथें विचार करूं.

प्रथम साम्य पाहूं. एकाच फेरींत दोन वार करणाऱ्याचा नेम बिघडतो. डाव्या हातांतील शस्त्र हलकें असलें, तरी उजव्याच्या फाशांतून ४ व डाव्याच्या फाशांतून ८ वजा होतात. द्विशस्त्र-युद्धाची विशेष विद्या संपादन केल्यास दोहोंतून केवळ २ वजा होतात. दुतोंडी शस्त्राचें दुसरें टोंक नियमानें हलकेंच मानितात. म्हणून येथपर्यंत दोन्ही पक्ष समान आहेत.

आतां भेद. दुपाती तलवारीचें प्रत्येक टोंक आठ बाजूंच्या फाशानें इजा करितें. दोहोंची सरासरी ९ होते. एक लांब व एक आखूड तलवार घेतल्यास सरासरी ८ येते. म्हणजे लाभ अवघा १ ! त्यासाठीं २५ सुवर्णमुद्रांच्या ठिकाणीं १०० द्याव्या लागतात, आणि शस्त्र असाधारण असल्यामुळें आणखी एक विशेष विद्या खर्ची पडते. सामान्य वीरास विसाव्या पायरीपर्यंत अशा विद्या सातच मिळतात. मनुष्य व योद्धे यांस कांहीं अधिक.

मग दुपाती तलवारीचें महत्त्व कशांत ? शत्रूवर धावून गेल्यास त्या फेरींत बहुधा एकच वार मिळतो. अशा वेळीं ती दोन्ही हातांनीं धरून एकाच टोंकानें मारितां येते, व बळाचा लाभ दीडपट होतो. ज्याच्या बळाचा लाभ ४ आहे, त्याची सरासरी इजा लांब तलवारीनें साडेआठ, तर हिनें साडेदहा होते. उलटपक्षीं, जोडशस्त्रें बाळगणाऱ्याचें एक शस्त्र शत्रूनें हिसकाविलें, तरी दुसरें हातीं उरतें. आणि एक म्यानांत घातलें कीं दोर धरावयास हात मोकळा होतो.

येथें एक साधें शस्त्र बहुतेकांच्या नजरेंतून सुटतें. तें म्हणजे लाठी. तीही दुतोंडीच होय. दोन्ही टोंकांची सरासरी ७, म्हणजे दोन आखूड तलवारींइतकीच. धावून गेल्यावर दीडपट बळाचा लाभ तिलाही मिळतो. आणि तिला मूल्यही नाहीं व असाधारण विद्याही नको.

तात्पर्य, बळवान व विद्यासंपन्न योद्ध्यानें दुपाती तलवार खुशाल घ्यावी. इतरांनीं जोडशस्त्रें अथवा लाठी पत्करावी. विद्यार्थिमित्रहो, खर्च केलेली मुद्रा पुन्हां मिळवितां येते. खर्च केलेली विद्या सहसा परत येत नाहीं. म्हणून शस्त्राची शोभा पाहण्यापूर्वीं त्याची खरी किंमत कशांत द्यावी लागते, हें आधीं मोजावें.