जुनी पिकअप : बिल मिस्त्रीचे मोठे की बंद दिवसांचे?

वर्धा जिल्ह्यातील सेलू हे नागपूर-वर्धा रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. वर्धा येथून वीसेक किलोमीटर, नागपूर साठेक. केळझर, हिंगणी, घोराड, झडशी, सिंदी (रेल्वे) अशी गावे आसपास आहेत. हा भाग एके काळी केळीच्या बागांसाठी ओळखला जाई. आज कापूस, सोयाबीन, तूर आणि भाजीपाला यांवर येथला बाजार चालतो. अशा गावात फळांचा व्यापारी असो, भंगाराचा धंदा करणारा असो, गाद्या भरणारा पिंजारी असो की आठवडी बाजारात कापड आणि बांगड्या नेणारा दुकानदार असो, ज्याचा माल वेळेवर पोहोचतो त्याचेच गिऱ्हाईक टिकते. आणि माल पोहोचवते ती बहुधा एक जुनी पिकअप.

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी बऱ्याच जणांनी ही गाडी तिसऱ्या किंवा चौथ्या हाताने घेतलेली असते. ती परवडते असे आपण समजतो. ती खरोखर परवडते का, आणि केव्हापर्यंत परवडते, याचा सरळ हिशेब या लेखात मांडण्याचा आमचा हेतू आहे.

मॅटाडोरपासून पिकअपपर्यंत

आपण ज्या गाडीला सर्रास टेम्पो म्हणतो, ते नाव मुळात जर्मनीतील हॅम्बुर्गच्या एका कंपनीचे. तिच्या सहकार्याने पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने १९५८ पासून तीनचाकी मालगाड्या काढल्या. १९६९ मध्ये याच कंपनीची मॅटाडोर आली आणि पुढची तीन दशके महाराष्ट्रातील लहान व्यापाऱ्यांचा माल तिनेच वाहिला. हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते. १९८६ मध्ये टाटाची ४०७ बाजारात आली. महिंद्राच्या जीपच्या सांगाड्यावरून निघालेल्या पिकअप खेड्यांतील रस्त्यांवर रुळल्या. २००५ मध्ये टाटा एस आली आणि हातगाडी व बैलबंडी वापरणारा छोटा माणूसही चारचाकीचा मालक झाला.

त्या जुन्या गाड्यांचा एक मोठा गुण होता. इंजिन साधे, डिझेल पंप यांत्रिक, विजेचे काम थोडे. गाडी रस्त्यात थांबली तर गावचा मिस्त्री पाना आणि पेचकस घेऊन येई आणि गाडी चालू करून देई. पार्ट नागपुरात, वर्ध्यात मिळत. तेव्हापासून आपल्या मनात पक्के बसले आहे की जुनी गाडी म्हणजे स्वस्त गाडी. आजही त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच.

वहीत न लिहिला जाणारा खर्च

जुन्या गाडीच्या मालकाला खर्च विचारा. क्लच प्लेटला इतके, पंप-नोझलच्या कामाला इतके, दोन टायर, एक बॅटरी, असे तो तोंडपाठ सांगेल. पण गेल्या महिन्यात गाडी किती दिवस उभी होती, हे बहुतेकांना सांगता येत नाही. खरी मेख इथेच आहे. दुरुस्तीचे बिल एकदा देऊन मोकळे होता येते. गाडी उभी राहिलेल्या दिवसाचे भाडे जाते, नासका माल सडतो, ठरलेले गिऱ्हाईक दुसऱ्याची गाडी लावते आणि पुढच्या वेळी त्यालाच बोलावते. हा खर्च कोणत्याही बिलावर छापलेला नसतो.

एक नमुन्याचा हिशेब पाहू. यातील आकडे समजुतीसाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत.

समजा, नवी पिकअप रस्त्यावर येईपर्यंत १० लाखांना पडते. अडीच लाख रोख भरले आणि साडेसात लाखांचे कर्ज ११ टक्के दराने ५ वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १६,३०० रुपये येतो. पाच वर्षांत नुसते व्याजच सव्वादोन लाखांच्या वर जाते. दुसरीकडे जुनी गाडी २ लाख रोख देऊन घेतली, हप्ता नाही.

आता महिन्याला १,५०० किलोमीटर धावणे धरू. जुनी गाडी लिटरला १० आणि नवी १४ किलोमीटर देत असेल, आणि डिझेल ९० रुपये धरले, तर जुनीला डिझेलचे सुमारे ३,८५० रुपये जास्त लागतात. दुरुस्तीला जुनीचे सरासरी ६,००० आणि नवीचे २,००० धरा. म्हणजे आणखी ४,००० जास्त. एकूण फरक ७,८५० रुपये. हप्ता १६,३०० आणि जुनीचा जादा खर्च ७,८५०. जुनी गाडी जिंकली असे वाटते.

पण थांबा. गाडीची दिवसाची निव्वळ कमाई १,५०० रुपये धरली आणि जुनी गाडी महिन्यात ३ दिवस उभी राहिली, तर ४,५०० गेले. जादा खर्च १२,३५० झाला. तरीही जुनी फायद्यात आहे. तीच गाडी ६ दिवस उभी राहिली तर ९,००० गेले आणि जादा खर्च १६,८५० झाला. आता नवीचा हप्ता स्वस्त ठरला, शिवाय पाच वर्षांनी हप्ता संपून गाडी हातात राहते ती वेगळीच. नवीचा पूर्ण विमा महाग असतो, तो तिच्या खर्चात धरावा. तरी मुद्दा बदलत नाही. जुनी ठेवावी की काढावी, हे मिस्त्रीच्या बिलापेक्षा बंद दिवसांवर अधिक ठरते.

दुसरी गोष्ट अंतराची. सेलूहून आसपासच्या खेड्यांत आणि वर्ध्यापर्यंत फिरणाऱ्या गाडीला वरचा हिशेब लागू पडतो. पण जो व्यापारी रोज नागपूरच्या कळमना बाजारात जाऊन येतो, त्याचे महिन्याचे किलोमीटर सहज ३,००० होतात. डिझेलचाच फरक ७,७०० वर जातो. मग महिन्यात तीन दिवस गाडी उभी राहिली तरी जुनीचा जादा खर्च नवीच्या हप्त्याला जाऊन भिडतो. थोडक्यात, जवळच्या फेऱ्यांना जुनी आणि लांबच्या रोजच्या फेऱ्यांना नवी, हे सूत्र साधारण बरोबर ठरते.

व्याज नको, पण उधारी?

व्याजाच्या भानगडीत पडायचे नाही म्हणून रोखीने जुनी गाडी घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ही भूमिका आदराची आहे. पण त्यातले काही जण गाडीत सर्व जमा पुंजी घालतात आणि तीन महिन्यांनी इंजिनाचे काम निघाले की हात रिकामे असतात. मग पार्टवाल्याची उधारी, मिस्त्रीची उधारी आणि शेवटी ज्याला टाळायचे होते त्याच सावकाराचे दार. हप्ता टाळला, पण कर्ज टळले नाही.

यावर उपाय साधा आहे. जुनी गाडी घेताना हातातील सर्व रक्कम किमतीत घालू नये. चौथा हिस्सा तरी पहिल्या दुरुस्तीसाठी ठेवावा. आणि गाडी चालू झाली की किलोमीटरमागे ४ रुपये, म्हणजे वरच्या हिशेबाने महिन्याचे ६,००० रुपये, रोजच्या रोज वेगळ्या डब्यात टाकावेत. ज्या महिन्यात काम निघाले नाही त्या महिन्याचे पैसे घरखर्चात वळवू नयेत. तेच पुढच्या इंजिनाचे पैसे असतात. भाऊबंद किंवा दोन व्यापाऱ्यांनी भागीदारीत गाडी घेणे हाही मार्ग आहे. मात्र कोणाचा वार कोणता, डिझेल कोणाचे आणि दुरुस्तीत वाटा किती, हे पहिल्या दिवशीच लिहून सही करावी.

कागदांचा खर्च

गाडी जितकी जुनी तितके तिचे कागद महाग होत जातात. मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. महाराष्ट्रात ८ वर्षांवरील मालवाहू गाडीला पर्यावरण कर आहे. केंद्राच्या २०२१ च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील गाड्यांची फिटनेस फी कित्येक पटींनी वाढवली. फी वेळोवेळी बदलत असल्याने वर्ध्याच्या परिवहन कार्यालयात चालू दर विचारून मगच सौदा करावा. पासिंगला उशीर झाल्यास दिवसाला ५० रुपये जादा फी घेण्याची तरतूद २०१६ मध्ये नियमांत आली. तिच्या वसुलीवरून २०२४ मध्ये राज्यातील रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी मोठी ओरड केली होती.

साडेसात टनांपर्यंतच्या मालगाडीचा सक्तीचा तिऱ्हाईत विमा जून २०२२ च्या दराने १६,०४९ रुपये, त्यावर कर वेगळा. गाडी नवी असो की वीस वर्षांची, हा आकडा तोच. म्हणजे थोड्या कमाईच्या जुन्या गाडीला तो जास्त जाचतो. म्हणून विमा किंवा पासिंग चुकवण्याचा मोह होतो. तो धोक्याचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे फिटनेस नसलेल्या मालगाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. अशा गाडीने अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाईसाठी घरदार विकायची पाळी येऊ शकते.

जुनी घेताना काय पाहावे

रंगावर जाऊ नये. रंग दोन दिवसांत होतो. खाली वाकून चेसीस पाहावी. वेल्डिंगचे डाग आणि गंज असेल तर गाडी सोडून द्यावी. पाटे बसलेले असतील तर गाडीने ओव्हरलोड वाहिला आहे असे समजावे. इंजिन चालू असताना ऑईलचे झाकण उघडावे. तेथून धूर जोराने मारत असेल तर रिंग-पिस्टनचे काम जवळ आले आहे. सकाळी थंड इंजिन एका सेल्फवर उठते का ते पाहावे. विकणारा आधीच गाडी गरम करून ठेवत असेल तर त्याचे कारण असते. स्टिअरिंगची खेळ, किंगपिन आणि ब्रेक तपासावेत. चेसीस आणि इंजिनचा नंबर आरसी बुकाशी जुळवावा. कर, दंड आणि बँकेचा बोजा बाकी नाही याची खात्री करून मगच पैसे मोजावेत, आणि नाव बदलण्याचे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नये.

घेतल्यानंतरही तीन सवयी गाडीचे आयुष्य वाढवतात. पहिली, ऑईल आणि फिल्टर वेळेवर. दुसरी, रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे खारट पाणी न घालता कुलंट. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि क्षार जमलेल्या रेडिएटरमुळे हेड गॅस्केट उडते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, आरसीवर लिहिल्याइतकाच माल. एका फेरीत दोन फेऱ्यांचा माल नेऊन वाचवलेले डिझेल पाटे, टायर आणि क्लच प्लेट यांत दुपटीने निघून जाते.

मिस्त्री बांधवांसाठी दोन शब्द

गॅरेज, वेल्डिंग, डेंटिंग आणि टायर हे धंदे आपल्या अनेक घरांची रोजीरोटी आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चा नियम लागू झाला. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत सेन्सर, कॉमन रेल पंप आणि धूर गाळणारे फिल्टर आले. तेथे नुसता कान लावून रोग सापडत नाही, स्कॅनर लागतो. आज याच गाड्या तिसऱ्या हाताला येऊ लागल्या आहेत. म्हणून पोराला केवळ हाताखाली ठेवू नये. आयटीआयच्या मेकॅनिक डिझेल किंवा मोटर मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाला घालावे. जुनी हातोटी आणि नवे यंत्र दोन्ही ज्याच्याकडे, त्याच्या दारात गाड्या उभ्या राहतील. आणि पार्ट अस्सल की डुप्लिकेट, हे गिऱ्हाइकाला आधी सांगून बिलावर लिहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या पार्टवरील आणि नव्या मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याचा लाभ गिऱ्हाइकाला मिळतो की नाही, हे त्याने विचारले तर राग मानू नये.

गाडी केव्हा सोडावी

पंधरा-वीस वर्षे साथ दिलेल्या गाडीवर माणसाचा जीव जडतो, हे आम्ही जाणतो. पण हिशेब सांगेल तेव्हा सोडावी. चेसीस गेली, किंवा एका वर्षाची दुरुस्ती गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेली, किंवा बंद दिवस महिन्याला पाचाच्या वर जाऊ लागले, तर तिला आणखी पैसे लावू नयेत. अगदीच मोडीत काढायची असेल तर २०२१ च्या धोरणाप्रमाणे नोंदणीकृत केंद्रात द्यावी. तेथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या मालवाहू गाडीच्या रस्ता करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. भंगारात परस्पर विकून आरसी तशीच ठेवली तर कराची थकबाकी जुन्या मालकाच्याच नावावर चढत राहते.

आमची वाचकांना एकच विनंती आहे. उद्या दहा-वीस रुपयांची एक वही घेऊन गाडीत ठेवा. रोजचे किलोमीटर, डिझेल, दुरुस्ती आणि उभा राहिलेला दिवस, हे चार रकाने पुरेत. सहा महिने प्रामाणिकपणे लिहिले तर गाडी ठेवावी की काढावी हे दलालाला, मित्राला किंवा शोरूमच्या पोराला विचारावे लागणार नाही. ते वहीच सांगेल.