मुक्या जनावराची जबानी

सर्वपित्री अमावास्येच्या रात्री, घरातील मंडळी निजानीज झाल्यावर पाणी पिण्यासाठी मी उठलो, तेव्हा दाराशी पडलेल्या मोत्याच्या तोंडाखाली फरशीवर रुपयाएवढा रक्ताचा डाग दिसला. दिवा लावून त्याचे मस्तक मांडीवर घेतले, तो उजव्या नाकपुडीतून थेंब थेंब रक्त येत होते. आणि सात वर्षे माझ्या पावलांची चाहूल लागताच शेपटी जमिनीवर आपटणारा तो प्राणी त्या रात्री नुसते डोळे वर करून माझ्याकडे पाहत राहिला. ओल्या फडक्याने मी त्याचे नाक पुसत बसलो आणि उजाडण्याची वाट पाहू लागलो.

त्या रात्रीपूर्वीचे अकरा दिवस कसे गेले, याची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे; कारण ज्यांच्या घरी कुत्रा आहे अशा पुष्कळांच्या वाट्याला असे दिवस येतात. पहिल्या दिवशी त्याने दुधात कुस्करलेली भाकरी हुंगून सोडली. दुसऱ्या दिवशी फिरायला निघाल्यावर कोपऱ्यावरच्या चिंचेपर्यंत जाऊन तो खाली बसला. अंग कढत लागत होते. डॉक्टरांनी ताप पाहिला तो १०४ अंश भरला. त्यांनी दिलेल्या इंजेक्शनाने ताप उतरला, मोत्याने चार घास खाल्ले, आणि आम्ही निश्चिंत झालो. परंतु दोन दिवसांनी ताप पुन्हा आला, पुन्हा इंजेक्शन झाले, पुन्हा उतरला, पुन्हा चढला. दुसऱ्या डॉक्टरांनी यकृताचे औषध दिले. शेजारच्या काकू म्हणाल्या की कोणाची तरी दृष्ट लागली आहे. गवळ्याचे म्हणणे पडले की पोटात काहीतरी विषारी गेले असावे. आमच्या आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि रात्रभर त्याच्या पाठीवरून हात फिरवीत ‘काय रे बाळा, कुठे दुखतंय तुला?’ असे विचारीत ती बसली. या साऱ्या प्रश्नाचे सार तेवढेच होते, आणि ज्याला तो विचारला जात होता त्याला वाचा नव्हती.

ज्या डॉक्टरांना निदान झाले नाही त्यांना मी दोष देत नाही. ताप, अन्नावरील वासना उडणे आणि मलूलपणा ही तीनच लक्षणे आम्ही त्यांच्यापुढे ठेवली होती, आणि ही लक्षणे कुत्र्याच्या बहुतेक सर्व गंभीर आजारांत समान असतात. तेवढ्या पुराव्यावर निकाल मागणे म्हणजे साक्षीदार हजर न करता खटला चालविण्यासारखे आहे.

सकाळी आम्ही त्याला गाडीत घालून पशुवैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी प्रथम औषधाचे नाव काढले नाही. त्यांनी मोत्याचा ओठ वर उचलून हिरडीवर अंगठा दाबला आणि सोडला, व पांढरा पडलेला तो ठसा पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते पाहिले. निरोगी कुत्र्यात हा रंग दोन सेकंदांच्या आत परततो. मग त्याला कुशीवर निजवून त्यांनी पोटावरचे विरळ केस बाजूला सारले. जांघेजवळच्या उघड्या कातडीवर खसखशीएवढे तांबडे ठिपके विखुरलेले होते; अकरा दिवस त्या पोटावरून आम्ही हात फिरवीत होतो, पण ते कोणाला दिसले नव्हते. ‘गेल्या महिन्याभरात याच्या अंगावर गोचीड सापडली होती का?’ त्यांनी विचारले. मी नाही म्हणणार, इतक्यात माझी मुलगी हळूच म्हणाली, ‘बाबा, गावाहून आल्यावर मी त्याच्या कानामागून सहा काढल्या होत्या. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी.’ डॉक्टरीणबाईंनी ती तारीख कागदावर लिहून घेतली. गौरी-गणपतीला आम्ही वाई तालुक्यातील आमच्या गावी गेलो होतो, मोत्या तेथे वाड्याच्या अंगणात गावच्या कुत्र्यांबरोबर चार रात्री निजला होता, आणि परतल्यावर काढलेल्या त्या सहा गोचिडी रॉकेलच्या डब्यात टाकून आम्ही ती गोष्ट विसरून गेलो होतो. जो पुरावा सर्व प्रकरणाची किल्ली होता तो आमच्याच हातून गेला होता.

दुपारी रक्ताचा तपशील हाती आला. कुत्र्याच्या एका मायक्रोलिटर रक्तात सामान्यतः दोन ते पाच लाख प्लेटलेट असतात. मोत्याच्या रक्तात त्या अवघ्या बावीस हजार उरल्या होत्या. जखम झाली असता रक्ताची गुठळी बांधून गळती थांबविणे हे या सूक्ष्म कणांचे काम. ते इतके घटले म्हणजे जखम नसतानाही नाकातील नाजूक त्वचेतून रक्त झिरपते आणि कातडीखाली ते ठिपके उमटतात.

आपल्याकडे ज्याला सरसकट ‘गोचीड ताप’ म्हणतात त्याचे एक प्रमुख कारण एर्लिकिया कॅनिस नावाचा अतिसूक्ष्म जंतू हे आहे. १९३५ साली अल्जीरियातील पाश्चर संस्थेत दोनाशियँ आणि लेस्टोकार या शास्त्रज्ञांनी तो प्रथम गोचिडी चिकटलेल्या कुत्र्यांत पाहिला, आणि पुढे थोर जर्मन संशोधक पॉल एर्लिक यांचे नाव त्याला मिळाले. तपकिरी रंगाची श्वानगोचीड रक्त पिताना हा जंतू कुत्र्याच्या देहात सोडते, आणि शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींतच तो ठाणे मांडून बसतो. चौकीदाराच्या खोलीतच चोराने बिऱ्हाड करावे तसा हा प्रकार आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैन्याबरोबर गेलेली शेकडो कुत्री, त्यांत विशेषतः जर्मन शेफर्ड जातीची, १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस नाकातून रक्त वाहून मेली, तेव्हा कोठे या रोगाचे खरे स्वरूप जगाच्या ध्यानात आले; तोवर तो उष्ण देशांतील एक किरकोळ ताप म्हणूनच गणला जात असे.

त्याची चाल समजून घेण्यासारखी आहे. गोचीड चावल्यापासून साधारणतः आठ ते वीस दिवसांत ताप येतो आणि दोन ते चार आठवडे आजार टिकतो. यानंतर पुष्कळ वेळा औषधावाचूनही कुत्रा सुधारल्यासारखा दिसतो, खातो, भुंकतो, मालक समाधान पावतो. परंतु जंतू प्लीहेत दडून राहिलेला असतो आणि ही फसवी शांतता कित्येक महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकते. काही कुत्री या मुदतीत स्वतःच रोगमुक्त होतात. ज्यांच्या नशिबी ते नसते त्यांच्यात तिसरी अवस्था येते: हाडांतील मगज रक्त तयार करणेच सोडून देतो, आणि मग उत्तम औषधेही बहुधा हात टेकतात. दोन इंजेक्शनांनी उतरलेला मोत्याचा ताप आम्ही ‘बरा झाला’ या सदरात जमा करीत होतो, आणि तिसऱ्या वेळी नाकातून रक्त न येता तो आपोआप थांबला असता, तर आम्ही या दुसऱ्या अवस्थेच्या दारातून आनंदाने आत गेलो असतो, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते.

निदान तरी सरळ असेल अशी माझी कल्पना होती. कानाच्या टोकाला सुई टोचून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाची काचपट्टी डॉक्टरीणबाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखविली. निळसर-जांभळ्या पेशी दिसल्या, जंतू दिसला नाही. त्यावर त्या म्हणाल्या, ‘दिसला असता तर शंका उरली नसती, दिसला नाही म्हणून तो नाहीच असे मात्र म्हणता येत नाही.’ फार थोड्या पेशींत तो असतो, त्यामुळे पट्टीवर न सापडणे हेच अधिक घडते. दुसरी चाचणी रक्तातील प्रतिद्रव्यांची. ती मोत्यात होकारार्थी आली. पण ही प्रतिद्रव्ये रोग बरा झाल्यावरही पुष्कळ काळ रक्तात राहतात, म्हणजे जंतू देहात कधीतरी येऊन गेला एवढीच साक्ष ती देतात, आज तो आहे असे नाही. अखेर निर्णय झाला तो सर्व पुरावे एकत्र मांडून: गोचिडीची तारीख, तापाचा क्रम, पोटावरचे ठिपके, प्लेटलेटचा आकडा आणि ही चाचणी.

काचपट्टी पाहण्यात आणखी एक हेतू होता. त्याच ऋतूत गोचिडींमार्फत येणारा दुसरा एक परोपजीवी तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. त्याने हिरड्या पांढऱ्याफटक किंवा पिवळ्या पडतात आणि लघवी गर्द होते. त्या कुळाचे नाव बॅबेसिया. त्यातील गिब्सोनी ही जात पॅटन याने १९१० साली मद्रास येथील शिकारी कुत्र्यांच्या रक्तात पाहून वर्णिली, म्हणजे तिची पहिली नोंद आपल्याच देशातील आहे. याच कुळातील गुरांच्या रोगाचा छडा लावताना थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या अमेरिकन संशोधकांनी १८९३ साली सिद्ध केले होते की रोग गोचिडीच्या द्वारा पसरतो. रोनाल्ड रॉस याने सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला तो त्यानंतर चार वर्षांनी. बॅबेसियाचे औषध निराळे, एर्लिकियाचे निराळे, आणि एकाच कुत्र्यात दोघे एकत्र नांदू शकतात; तेव्हा ‘गोचीड ताप’ या एका नावावर समाधान मानून दुकानातून गोळ्या आणणे धोक्याचे आहे.

शिवाय गोचीड सापडली की तीच गुन्हेगार, असेही नाही. उंदरांसाठी ठेवलेले विष कुत्र्याने खाल्ले असता तीन-चार दिवसांनी अगदी असाच रक्तस्राव होतो, आणि त्याचा उतारा, के जीवनसत्त्व, वेळेवर मिळाला तर कुत्रा वाचतो. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून येणारा लेप्टोस्पायरोसिस यकृत व मूत्रपिंडे निकामी करतो आणि माणसालाही होतो. ॲडिसन याने १८५५ साली माणसांत वर्णिलेला अधिवृक्क ग्रंथींचा रोग कुत्र्यांतही आढळतो, आणि त्यात अशक्तपणा व उलट्या येतात नि जातात. ही प्रत्येक शक्यता डॉक्टरांना तपासावी लागते, आणि कोणती आधी तपासावी हे आपण दिलेल्या माहितीवर ठरते.

मोत्याला डॉक्सिसायक्लिन नावाचे औषध अठ्ठावीस दिवस द्यायचे ठरले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने आईच्या हातून भाकरी घेतली. तेव्हा आई स्वयंपाकघरात जाऊन डोळ्यांना पदर लावून उभी राहिली. येथे पुष्कळ घरांत एक चूक होते: कुत्रा खाऊ-खेळू लागला की गोळ्या बंद होतात. मुदत पुरी केलीच पाहिजे. दुसरी चूक अधिक भयंकर. ताप चढलेल्या रात्री घरातली माणसांची तापाची वा अंगदुखीची गोळी अर्धी करून कुत्र्याला घालण्याचा मोह मलाही झाला होता. पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृताला व रक्ताला बाधते. आयबुप्रोफेन जठराला व्रण पाडते आणि मूत्रपिंडांना इजा करते. प्लेटलेट आधीच घटलेल्या कुत्र्याला ॲस्पिरिन देणे म्हणजे उरलासुरला बांधही फोडणे.

आता आमच्या दाराजवळच्या खुंटीवर एक वही टांगलेली असते. तीत मोत्याचे वजन, लसींच्या तारखा, बाहेरगावचे मुक्काम आणि अंगावर सापडलेली प्रत्येक गोचीड यांची नोंद आहे. आजार आला तर खाण्याचे प्रमाण, लघवी व शौचाचा रंग, हिरड्यांचा रंग आणि ताप हे सकाळ-संध्याकाळ लिहायचे, अशी रीत ठरली आहे. कुत्र्याचे स्वाभाविक तापमानच १०१ ते १०२.५ अंश असते, म्हणून हाताला लागणाऱ्या उष्णतेवर भरवसा ठेवू नये. तापमापक गुदद्वारात लावूनच ते पाहावे. लंगडणे, झटका येणे, विचित्र श्वास असे काही घडले तर मोबाइलवर त्याचे चित्रण करून ठेवावे, कारण दवाखान्याच्या टेबलावर भीतीने कुत्रा निराळाच वागतो. घरात काय सांडले, काय चघळले गेले, उंदरांचे औषध कोठे ठेवले होते, हेही संकोच न करता सांगावे. आम्ही रागावू या भीतीने मुलगी त्या दिवशी गप्प राहिली असती, तर मोत्या आज नसता. हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितले आहे. आणि स्थानिक दवाखान्यात उत्तर मिळत नसेल तर मुंबईचे परळ येथील १८८६ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय, तसेच नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील महाविद्यालये आपल्या राज्यात आहेत, तेथे जावे. पाठविणाऱ्या डॉक्टरांचा त्यात कोणताही अवमान नाही.

गोचिडीविषयी एवढेच. तपकिरी गोचीड जन्मात तीन वेळा कुत्र्यावर चढते आणि तिन्ही वेळा रक्त पिऊन खाली उतरते. भरलेली मादी भिंतीच्या भेगेत, चौकटीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याबरोबर त्याची जागा, चादर आणि भिंतीच्या फटीही स्वच्छ कराव्या लागतात. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. तिच्यावर रॉकेल, तेल वा जळती काडी लावू नये, बोटांत चिरडू नये. प्रतिबंधक औषध डॉक्टरांना विचारूनच लावावे, आणि घरात मांजर असेल तर ते अवश्य सांगावे, कारण कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन असलेले औषध मांजराचा जीव घेते.

अठ्ठाविसाव्या दिवशी मोत्याच्या प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार भरल्या. वाचकांपाशी माझे मागणे एवढेच आहे, की आज रात्री आपला कुत्रा पायाशी येऊन बसेल तेव्हा त्याच्या कानामागून, गळपट्ट्याखालून आणि पंजाच्या बेचक्यांतून एकदा सावकाश बोटे फिरवा, आणि काही सापडले तर काढून टाकण्यापूर्वी त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा.